घाटांतला बैल आणि गोठ्यांतली गाय

चैत्र लागला कीं जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत गांवोगांवच्या यात्रा सुरू होतात. देवाची पालखी, कुस्त्यांचा फड आणि तमाशा यांच्या जोडीला तेथें आणखी एक गोष्ट असावीच लागते; ती म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. आपणां शहरवासीयांपैकीं पुष्कळांना ही शर्यत माहीत आहे ती न्यायालयांतील वादाच्या बातम्यांवरून. त्या वादाकडे मी येणारच आहें, परंतु थोड्या निराळ्या वाटेनें. धांवणारा बैल निवडावा कसा, त्याला चारावें काय आणि त्याची तयारी कशी करावी, हें आधीं पाहूं. मग या शर्यतीनें आपलें देशी गोधन टिकेल काय, या प्रश्नाचें उत्तर शोधणें सोपें जाईल.

या भागांतील शर्यतीची रीत वैशिष्ट्यपूर्ण आहे. जेथें ती होते त्या जागेला 'घाट' म्हणतात. हा घाट म्हणजे डोंगरांतली वळणाची वाट नव्हे. थोड्या चढणीची, मुद्दाम तयार केलेली ती सरळ धांवपट्टी असते. हलक्या लांकडी गाड्याला चार बैल जुंपतात; मागें धुरेला दोन आणि त्यांच्या पुढें दोन. सर्वांच्या पुढें पाठीवर स्वार घेऊन एक घोडी धांवते. गाड्यावर हांकणारा मात्र कोणी नसतो. अशा एका धांवेला 'बारी' म्हणतात. तिचा वेळ घड्याळावर मोजतात आणि सेकंदाच्या अंशावरून क्रम ठरतो. हांकणारा नाहीं, तेव्हां सारा भरंवसा जनावराच्या अंगच्या उमेदीवर आणि त्याला लावलेल्या संवयीवर असतो. म्हणूनच बैलाच्या वंशाला येथें एवढें महत्त्व आलें आहे.

हा वंश खिल्लारांचा. त्याचें मूळ माहेर आटपाडी, म्हसवड, सांगोलें, पंढरपूर हा कमी पावसाचा मुलूख. सडपातळ बांधा, ताठ मान, मागें वळून वर गेलेलीं लांब शिंगें, काळे व घट्ट खूर आणि तापट स्वभाव, ही त्याची ओळख. कोरड्या कठीण जमिनीवर झपाझप चालणें हा त्याचा गुण. याच्या उलट, सह्याद्रीच्या कुशींतील धुवांधार पावसांत डांगी जातीचा बैल उपयोगी पडतो. त्याचें कातडें तेलकट असतें, पाऊस त्याला बाधत नाहीं, भाताच्या चिखलांत तो नेटानें राबतो. पण तो धांवणारा नव्हे. निसर्गानें आणि शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनीं ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या कामासाठीं घडविलें आहे.

आतां निवड. बाजारांत बैल पाहणारा जाणता मनुष्य प्रथम जबडा उघडून दांत पाहतो. दुधाचे दांत पडले नसतील तर जनावर 'आदत'. मग दोन दांती, चार दांती, सहा दांती, आणि सर्व दांत आले म्हणजे तें 'जुळलें'. त्यानंतर छातीची रुंदी, पाठीची सरळ रेषा, पायांची ठेवण आणि खुरांची फट यांकडे तो नजर टाकतो. अंगावरील भोवऱ्यांचे शुभाशुभ पाहणारेही आहेत, पण भोंवरा कांहीं धांवत नाहीं. खरी परीक्षा बापाची, आईची आणि भावंडांची. आणि नेमकी येथेंच आपली पद्धति लंगडी पडते. बाप नामांकित असेल तर त्याचें नांव बोलीच्या वेळीं दहा वेळां घेतलें जातें. आई कोणती, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. बाजारांत वासरूं हातोहात विकलें गेलें कीं त्याच्या आईचा माग पुसलाच गेला. वास्तविक अर्धा वारसा तिचा असतो.

इंग्लंडांत शर्यतीच्या घोड्यांची पहिली वंशावळ १७९१ सालीं छापली गेली. तिची मांडणी घोड्यांच्या नांवांवर नसून घोडींच्या नांवांवर आहे. प्रत्येक घोडीखालीं तिचीं शिंगरें आणि त्यांचे बाप यांची नोंद. नामवंत नराचीं पोरें सर्वत्र असतात. एक मादी मात्र वर्षाला एकच पिलूं देते. म्हणून तिचा हिशेब आधीं ठेवावा लागतो, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें. आपल्याकडे घाटांतील प्रत्येक बारीचा वेळ मोजला जातोच. त्या वेळेपुढें बैलाच्या आईबापांची नांवें लिहून ठेवण्याची चाल पडली, तर दहा वर्षांत खिल्लारांची सुरेख वंशावळ उभी राहील. एकाच गाजलेल्या वळूकडे साऱ्या गाई नेल्यानें जवळच्या नात्यांतील संकर होतो आणि वंश क्षीण होतो. तो धोकाही अशा नोंदीमुळें टाळतां येईल.

वंशाच्या खालोखाल चाऱ्याचा विचार. बैलाचें पोषण वासरपणापासून सुरू होतें. गाय व्याली कीं पहिल्या कांहीं तासांत वासराच्या पोटांत चीक गेला पाहिजे. रोगांशीं झुंजणारें द्रव्य त्या चिकांत असतें, आणि तें रक्तांत शोषून घेण्याची वासराच्या आंतड्यांची शक्ति सुमारें एका दिवसांत संपते. शहरांत आपण खरवसाची आवडीनें वाट पाहतों. परंतु त्या चिकावर पहिला हक्क वासराचा आहे, हें आपल्या घरांतील मुलांनाही सांगण्यासारखें आहे.

मोठ्या बैलाला ज्वारीचा कडबा, हिरवी वैरण, पेंड आणि भिजविलेले हुलगे हा आपल्याकडील रूढ आहार. चारशें किलो वजनाच्या बैलाला दिवसाकांठीं सुमारें दहा किलो कोरड्या मापाचें खाद्य लागतें. त्यांत वैरणीचा भाग मोठा असावा. शर्यतीच्या हौसेपायीं कोणी बैलाला पहिलवानाप्रमाणें दूध, अंडीं आणि तूप चारतात. येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बैल हा रवंथ करणारा प्राणी. त्याचें अन्न प्रथम मोठ्या कोठ्यांत जातें आणि तेथील असंख्य सूक्ष्म जीव तें आंबवितात. पिणाऱ्या वासराचें दूध हा कोठा टाळून थेट खऱ्या जठरांत उतरतें. मोठ्या बैलाला घातलेल्या अंड्यांतील प्रथिनें मात्र बव्हंशीं त्या सूक्ष्म जीवांच्या वांट्याला जातात. तूप अधिक झालें तर चोथा पचेनासा होतो, आणि धान्य एकदम वाढविलें तर कोठ्यांत आम्ल सांचून जनावर दगावूंही शकतें. तेव्हां महागड्या खुराकापेक्षां उत्तम कडबा, हिरवा चारा, मीठ, खनिजें, मुबलक पाणी आणि रवंथ करावयास निवांत वेळ, हाच खरा खुराक होय.

तयारीचेंही तसेंच आहे. रोजची लांब चाल, अधूनमधून मऊ मातींतील हलकी धांव, आणि पाण्यांत पोहणी. पोहण्यानें सांध्यांवर भार न पडतां दम वाढतो. हाडें पुरतीं भरण्यापूर्वीं कोवळ्या जनावराला पुरत्या वेगानें चढणीवर पळविणें म्हणजे त्याचे पाय उद्यांच्या ऐवजीं आजच खर्चून टाकणें होय. बैलाला घोड्यासारखा भरपूर घाम येत नाहीं. म्हणून चैत्रवैशाखांतील दुपारीं धांवेनंतर सांवली, अंगावर पाणी आणि विसांवा या गोष्टी चैनीच्या नसून प्राणरक्षणाच्या आहेत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, घोडीमागें आपखुशीनें पळण्याची संवय धीरानें लावावी लागते. ज्याला ती लावतां आली नाहीं तोच काठी, टोचणी आणि शेपटीचा पिळा यांचा आश्रय करतो.

न्यायालयांत वाद झाला तो याच क्रौर्यावरून. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यतींना मनाई केली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली; जनावरास इजा किंवा वेदना देणाऱ्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद तींत आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजीं नियमांच्या अधीन राहून शर्यतींस परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. शर्यतीच्या बाजूनें जीं कारणें मांडण्यांत आलीं, त्यांत देशी वंशाचें जतन हें एक प्रमुख कारण होतें.

तें कारण खरें करून दाखविण्याची जबाबदारी आतां शर्यत करणारांवर आहे. एके काळीं नांगर, मोट आणि गाडी यांसाठीं बैल लागे, म्हणून खिल्लार गाय दारांत असे. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटेची जागा विजेच्या पंपानें घेतली आहे. डिंभें, येडगांव, माणिकडोह यांच्या पाण्यावर ऊंस, कांदा आणि टोमॅटो पिकतो. दुधासाठीं गोठ्यांत संकरित गाई आल्या. खिल्लार गाय दूध थोडें देते. तिला वर्षभर पोसणाऱ्या घराला मिळतें काय? एखादें खोंड, आणि तें घाटांत चमकलें तर बक्षीस व मान त्या दिवशींच्या मालकाचा. गाय पोसणारा बहुधा त्या गर्दींत कोठेंतरी मागें उभा असतो. त्यानें उद्यां ती गाय विकली, तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

यावर उपाय फार मोठा खर्चाचा नाहीं. यात्रेच्या बक्षिसांपैकीं एक हिस्सा जिंकणाऱ्या बैलाच्या आईला, म्हणजे तिच्या पालकाला, द्यावा. तिचें नांव ध्वनिक्षेपकावरून पुकारावें. त्याच मैदानावर सकाळीं गाई आणि कालवडी यांचें प्रदर्शन भरवावें आणि पशुवैद्याकडून त्यांची नोंद करून घ्यावी. असें झालें तर शर्यत हें वंशरक्षणाचें साधन ठरेल. न झालें तर आपण फळें मोजीत राहूं आणि झाड वाळून जाईल.

श्रोतेहो, पुढील चैत्रांत आपण कधीं जुन्नर वा आंबेगांवकडे गेलांत आणि घाटांतून धुळीचा लोट उठलेला पाहिलात, तर पहिला नंबर कोणाचा हें जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या बैलाची आई कोणाच्या गोठ्यांत आहे? हा प्रश्न पुरेशा लोकांनीं विचारला, तर त्याचें उत्तर ठेवणें गांवालाही भाग पडेल.