वाचलेली मजुरी कुणाची?



पाण्याच्या धोरणाचा हिशेब कसा मांडतात, हे आपण पदवीला शिकलो. एका रकान्यात खर्च, दुसऱ्यात लाभ. लाभ जास्त भरला की धोरण चांगलं. मी समाजशास्त्रात संशोधन करते, त्यामुळे मला आधी विचारावंसं वाटतं की हे रकाने कुणाच्या बाजूने आखलेत? पंजाबचं उदाहरण घेऊ.

२०११च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळपास ३२ टक्के आहे, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. त्यांच्याकडची शेतजमीन मात्र अगदी थोडी. १९९७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, तिथे शेतीपंपांना वीज मोफत आहे. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आणि पंप, त्यालाच. दरवर्षी जेवढं भूजल उपसणं परवडेल, त्याच्या १५० टक्क्यांहून जास्त उपसा होतो. यावर २००९ साली कायदा आला. १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. पुढे ही तारीख बदलत राहिली. २०२२ मध्ये सरकारने लावणीऐवजी यंत्राने थेट पेरणी करणाऱ्याला एकरी १५०० रुपये देऊ केले.

थेट पेरणीचे फायदे सांगताना दोन गोष्टी हमखास येतात: पाणी वाचतं आणि मजुरी वाचते. ही दुसरी बचत म्हणजे चिखलात वाकून लावणी करणाऱ्या भूमिहीन बाईची कमाई. त्यातले बरेच जण दलित, बरेच बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले. मालकाच्या वहीत जो लाभ, तोच तिच्या घरात तोटा. १५०० रुपये पेरणाऱ्याला. तिच्या बुडालेल्या मजुरीपोटी त्या योजनेत रकानाच नाही. २००९च्या कायद्याने कापणी लांबली, त्यामुळे पराली जाळण्याची घाई वाढली आणि धूर दिल्लीपर्यंत गेला. त्याची चर्चा देशभर झाली. लावणी थोड्या दिवसांत उरकायची म्हटल्यावर मजुरांचं काय होतं, यावर कितीशी झाली?

पाणी वाचवू नका, असं मी म्हणत नाही. पाणी खोल गेलं की वस्तीतला हातपंप आधी आटतो. सबमर्सिबलवाला आणखी खोल बोअर मारतो. म्हणून उपसा कमी होण्यात आपलाही लाभ आहेच. फक्त त्याची किंमत मजुरांनी एकट्यांनी का द्यावी? वाचलेल्या विजेच्या पैशातून लावणीच्या मजुरांना भरपाई देता येते. तशी मागणीसुद्धा करता येते.

आणि दुसरी मोजणी शक्य आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. भूमिहीनालाही वाटा धरला, आणि उसाला पाणी नाकारलं. अभ्यासक्रमात हे आलं तरी 'लोकसहभाग' या मथळ्याखाली येतं, भूमिहीनाचा वाटा गाळून. मला त्यातली तीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या सिंचन प्रकल्पाचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. लाभ-खर्चाचं पान काढा, आणि आपल्या वस्तीतलं कोण त्यात कुठे बसतं ते पेन्सिलने लिहा. पुढच्या बैठकीला ती पानं घेऊन या, तिथून पुढे बोलू.