रॉक मशीनचा पहिला अल्बम

आज चहा पिता पिता फोनवर गाणं जुळवायचं आणि रात्रीपर्यंत ते जगभर पोचवायचं, यात कुणाला नवल वाटत नाही. 1980च्या दशकात मात्र मुंबईतल्या रॉक बँडकडून फर्माईश व्हायची ती परदेशी गाण्यांची. हुबेहूब वाजवलं, की टाळ्या!

1984 मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड जमला. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायक म्हणून उदय बेनेगल. नावं आपल्या ओळखीची, गाणी इंग्रजी. 1988 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, तोही स्वतः रचलेल्या गाण्यांचा. माझ्या मते खरं धाडस ते होतं. दणदणीत वाजवणारे पुष्कळ होते.

तेव्हा ध्वनिमुद्रण टेपवर चाले. ड्रम, बास, गिटार, आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे आणि मग त्यांचा मेळ घालायचा. एखादी जागा चुकली, तर त्याच ट्रॅकवर पुन्हा वाजवायची. नवं उमटलं, की जुनं कायमचं पुसलं! त्यामुळे स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी तालीम घोटून घेण्याला पर्याय नसे. शिवाय कॅसेटला बाजू दोन, म्हणजे दुसरी बाजू कोणत्या गाण्याने उघडायची, हाही खल.

1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. 1993 मध्ये बँडने नाव बदललं, ‘इंडस क्रीड’. पुढे तो थांबला, पण 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम घेऊन परतलाही.