तुकड्यासोबत माहितीही पोहोचू द्या

ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या आमच्या या कशेळीच्या गोदामपट्ट्यातून साधं पार्सल निघालं, तरी आत काय आहे आणि कुठून आलंय हे लेबलवर वाचता येतं. याच रस्त्याने परळला तपासणीसाठी जाणाऱ्या बायॉप्सीच्या फॉर्मवर मात्र कित्येकदा ‘पोटात गाठ’ एवढंच असतं. पोटाच्या अस्तराच्या, म्हणजे पेरिटोनियमच्या, सीमारेषेवरच्या ट्यूमरमध्ये हे भागत नाही. तिथे निदान एकट्या सूक्ष्मदर्शकाच्या हाती नसतं. वेल-डिफरन्शिएटेड पॅपिलरी मेसोथेलियल ट्यूमरच घ्या. तो बहुधा तरुण वा मध्यमवयीन बाईत, भलत्याच कारणासाठी पोट उघडल्यावर सापडतो. बारीक दाणे, आत अंकुरांसारख्या रचना, त्यांवर सौम्य दिसणाऱ्या पेशींचा एकच थर. पण घातक मेसोथेलियोमाचा वरवरचा तुकडाही हुबेहूब तसाच दिसू शकतो. फरक पडतो तो खालच्या चरबीत शिरकाव आहे की नाही यावर, आणि वरवर खुडलेल्या तुकड्यात ती चरबीच नसते. मग दाणा एकच होता की अस्तरभर पेरलेले होते, हे सर्जननेच सांगायला हवं. ओव्हरीवर गाठ असेल, तर सीरस बॉर्डरलाइन ट्यूमरच्या इम्प्लांट्सचा विचार आधी करावा लागतो.

आता मार्कर आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. कॅलरेटिनिन आणि पॅक्स-८ यांवरून पेशी मेसोथेलियमच्या की सीरस, हे बहुतांशी उलगडतं. बॅप-१ नाहीसं झालेलं दिसलं, तर पारडं घातकतेकडे झुकतं. पण ते शाबूत आहे म्हणून मेसोथेलियोमा नाही, असं म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टीबीच्या या मुलखात इतक्या दुर्मिळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर, टीबी आहे म्हणूनच. पोटात पाणी, सीटी-स्कॅनवर जाड झालेलं ओमेंटम, वाढलेलं सीए-१२५, हे तिन्ही टीबीत दिसतं आणि कॅन्सरमध्येही. तुकडा न घेता महिनोन्‌महिने चाललेल्या टीबीच्या गोळ्या काय, नि कॅन्सर समजून घाईने काढलेलं गर्भाशय काय, दोन्हींचं मूळ या सारखेपणात आहे. फॉर्म भरायला कुठलं महागडं यंत्र लागत नाही. वय, आधीची ऑपरेशनं, ओव्हरीची स्थिती, दाणे किती नि कुठे, तुकडा किती खोल घेतला. पाच ओळी पुरतात. आणि तुकडा रुंद तोंडाच्या बरणीत, दहापट फॉर्मलिनमध्ये टाका; सलाइनमध्ये दोन दिवस राहिलेल्या तुकड्यावर कोणताच मार्कर भरवशाचा नाही. दुपारच्या सत्रात या पाच ओळींचा मसुदा आपल्यापुढे ठेवणार आहोत. त्यात हवी तेवढी खाडाखोड करा.