ओळीत उभी गाडी

माल वाहतुकीच्या धंद्यातले माझे जुने-नवे सोबती, ड्रायव्हर बंधू, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेले हमाल बंधू,

अध्यक्षाने आधी नम्रपणे आपली अपात्रता सांगायची असते. मी ती सांगत नाही, कारण ज्या विषयावर बोलायचे आहे त्यात माझी पात्रता पक्की आहे. डिझेल वाया घालवण्याचा माझा अनुभव चाळीस वर्षांचा आहे.

हे अधिवेशन नागपूरच्या इतवारीत होते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात धुरावर बोलणे सोपे असते. इथे खिडकी उघडली की विषय आत येतो. आत्ताही येतो आहे. माझे स्वागत सुरू झाले तेव्हापासून मागच्या बाजूला एका गाडीचे इंजिन सुरूच आहे. कुणाची आहे ते मी विचारत नाही. माझीही असू शकते.

आपल्याकडे गल्लीला ओळ म्हणतात. किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ. ज्याने ही नावे ठेवली त्याच्या डोळ्यापुढे दुकानांची ओळ होती. आज मस्कासाथकडून आत या, दुकानांच्या आधी गाड्यांचीच ओळ दिसते. पुढे हातठेला, त्याच्या मागे छोटा हत्ती, त्याच्या मागे सहाचाकी, आणि तिच्या मागे छत्तीसगडचा तांदूळ घेऊन आलेली दहाचाकी. गोदामाचे शटर बंद. दिवाणजी यायचे आहेत. हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर. आणि इंजिन सुरू.

मागच्या मे महिन्यात अशाच एका गाडीपाशी मी थांबलो. गाडी आमचीच. दुपारचे दोन. ड्रायव्हरला म्हटले, "काहून चालू ठेवली रे?" तो म्हणाला, "भाऊ, बंद केली तर पंखा बंद होते. आत हात लावून पाहा न." मी केबिनमध्ये चढलो. सीटचे रेक्झिन हाताला चटका देत होते. डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोचा गोंद सुटून फोटो खाली आला होता. दोन मिनिटांत मी खाली उतरलो. मालकाने ड्रायव्हरला शिकवावे असे तिथे काही उरले नव्हते. सकाळी दहापासून ती गाडी उभी होती.

आता हिशेब करू. मोठे इंजिन उभ्या उभ्या तासाला ढोबळमानाने दीड-दोन लिटर डिझेल खाते. दीडच धरा. चार तासांचे सहा लिटर. चारच्या एव्हरेजने 24 किलोमीटर. म्हणजे ती गाडी इतवारीतून निघून कन्हानचा पूल ओलांडून पुढे गेली असती. ती गेली कुठेच नाही, डिझेल मात्र गेले. आणि धूर गेला समोरच्या दुकानातल्या पोत्यांवर, पोती वाहणाऱ्याच्या छातीत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून सांगतो. एक लिटर डिझेलचे वजन साधारण 830 ग्रॅम. ते जळले की कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे 2.7 किलो. मला वाटायचे, पर्यावरणवाले फुगवून सांगतात. पाऊण-एक किलोच्या वस्तूतून पावणेतीन किलो कसे निघतील? माझ्या नातीने वहीच्या मागच्या पानावर समजावले. डिझेलमधला कार्बनचा एकेक कण हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचे वजन त्यात भरते. टाकीत आपण टाकतो त्याच्या तिप्पट बाहेर सोडतो. वर्षाला एक लाख किलोमीटर धावणारी, चारचे एव्हरेज देणारी गाडी 25,000 लिटर डिझेल पिते. एका गाडीचा धूर 67 टन. माल समजून भरायचा म्हटला तर दहाचाकीच्या तीन-चार खेपा.

नीती आयोगाने 2022 मध्ये देशातल्या ट्रक वाहतुकीवर अहवाल काढला. दुचाक्या-तीनचाक्या धरून रस्त्यावरच्या एकूण वाहनांत ट्रक फक्त 3 टक्के, पण रस्ते वाहतुकीतल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 34 टक्के आपला. हा आकडा ऐकून आपल्यातले बरेच जण रागावतात. मीही रागावलो होतो. देशाचे धान्य, सिमेंट, औषधे आम्ही वाहतो, आणि वर शिव्याही आम्हालाच. राग खरा आहे. पण आकडाही खरा आहे. आणि यात आपल्यासाठी एक सोय आहे, जी स्कूटरवाल्याला नाही: आपण थोडे जण आहोत. थोड्यांनी सुधारले तरी पुष्कळ सुधारते.

सुधारायचे कुठून? आपला मालक मंडळींचा स्वभाव असा की नवी गाडी घेतली की तिचे एव्हरेज चारचौघांत सांगायचे, आणि जुन्या गाडीचे विचारले की चहा मागवायचा. हिशेब उलटा आहे. समजा एक गाडी 6 ची 7 झाली आणि दुसरी 3 ची साडेतीन. कुणालाही विचारा, पहिली जास्त सुधारली म्हणेल. आता शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते काढा. पहिलीचे 2.4 लिटर वाचले. दुसरीचे 4.8. दुप्पट! म्हणून माझी सूचना आहे की ऑफिसच्या फळ्यावर लिटरला किती किलोमीटर हे लिहिणे बंद करा आणि शंभर किलोमीटरला किती लिटर हे लिहा. मग डोळा आपोआप सगळ्यात खादाड गाडीवर जातो.

खादाड गाडी बहुतेक वेळा आजारी नसते, उपाशी असते. हवेची उपाशी. आपल्याकडे टायरची हवा कशी तपासतात? क्लीनर रॉड घेऊन उतरतो, प्रत्येक टायरवर एकेक ठोका मारतो, आवाज ऐकतो आणि "बराबर आहे" म्हणून चढतो. तबल्याला चालेल हे. जोडीतल्या आतल्या टायरपर्यंत तर रॉड नीट पोचतही नाही. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटून चालतो, तापतो, आणि इंजिन तो चिकटपणा दिवसभर ओढत राहते. काहीशे रुपयांचा मीटर, सकाळी टायर थंड असताना. एवढेच. चार किलोमीटर आधी पळवून मग पंपावर तपासाल तर गरम हवा जास्त दाखवते आणि तुम्ही आहे ती काढून टाकता.

आमचे एक जुने ड्रायव्हर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी मला गाडी शिकवली आणि एक चूकही शिकवली. कुरई घाटात उतार लागला की ते गाडी न्यूट्रल करत आणि म्हणत, "आता सरकार डिझेल देते आहे." त्या काळच्या पंपाच्या इंजिनाला त्यात थोडेफार तथ्य असेल. आजच्या गाडीत इंजिनाला मेंदू आहे. गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तो डिझेल पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन जिवंत ठेवायला त्याला डिझेल सोडावेच लागते. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा डिझेलही घालवतो, ब्रेकही तापवतो आणि जीवही टांगणीला लावतो. उस्ताद आज असते तर त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप करून पाहिले असते.

वेगाबद्दल फार बोलत नाही. समृद्धी महामार्गावर अवजड गाडीला 80 ची मर्यादा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे रिकाम्या रस्त्यावर 60 आणि 80 यांतला फरक टाकीत दिसतो. सैल ताडपत्री फडफडत असेल तर आणखी दिसतो. ताडपत्रीची दोरी कसायला पैसे लागत नाहीत.

पण ड्रायव्हरने हे सगळे का करावे? इथे मला आपल्याच घरातली गोष्ट बाहेर काढावी लागेल. आपण खेपेला डिझेल ठरवून देतो. वाचले तर पुढच्या खेपेला कमी देतो. म्हणजे वाचवणाऱ्याला दंड. मग तो वाचलेले ढाब्यावर विकतो आणि आपण त्याला चोर म्हणतो. मी बरीच वर्षे म्हटले. नंतर ठरवले की वाचलेल्या डिझेलच्या किमतीतला अर्धा वाटा ड्रायव्हरच्या खात्यात, आणि ठरलेले डिझेल वर्षभर बदलायचे नाही. पहिले दोन महिने कुणाचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या महिन्यात एक ड्रायव्हर स्वतः येऊन म्हणाला, "भाऊ, एअर फिल्टर चोंदला आहे, बदलून द्या." चाळीस वर्षांत फिल्टर मागणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदा पाहिला. चारची गाडी साडेचारवर आली तर लाख किलोमीटरमागे सुमारे 2,800 लिटर वाचतात. त्यातले अर्धे देऊनही मालक तोट्यात जात नाही. गणित कुणीही करून पाहावे.

आता नव्या गाड्यांकडे येतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले. बीएस-5 ला आपण वळसाच घातला. डिझेलमधले गंधक बीएस-4 च्या 50 पीपीएमवरून 10 वर आले. धुराच्या नळीत जाळी बसली, युरियाची टाकी आली. काळा धूर दिसेनासा झाला, हे मान्य करायला हवे. पण त्या जाळीची एक अडचण आहे आणि ती इतवारीचीच अडचण आहे. जाळीत साठलेली काजळी जाळायला नळी चांगली तापावी लागते, आणि ती तापते लांब पल्ल्याच्या धावेत. ओळीत पहिल्या गियरमध्ये रांगणाऱ्या गाडीची जाळी तापतच नाही, तुंबते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद सोडते, मालक कंपनीला शिव्या देतो. आणि आपल्यातले काही हुशार लोक युरिया न टाकता मेंदूला फसवणारा डबा बसवून घेतात. नाव घेत नाही, पण ते हसू लागले आहेत. त्या डब्याने वाचतो तो युरिया, नळीतून सुटतो तो विषारी वायू, आणि तो घेणारी पहिली नाके आपल्याच ओळीतली असतात.

विजेची गाडी हा उपाय आहे का? इतवारीपुरता, होय. इथल्या तीनचाकीला, छोट्या हत्तीला दिवसात फार लांब जायचे नसते. गांधीबाग, कळमना, फार तर वाडी. थांबली की तिचे मीटरही थांबते. कोराडीची वीज कोळशाचीच आहे, हे मला ठाऊक आहे, आणि कोराडीच्या लोकांना तर आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी ओळीतला धूर ओळीतून जातो. दहाचाकीचे उत्तर मात्र इतक्यात मिळणार नाही. नागपूरला नव्याची हौस जुनी आहे. 2014 मध्ये इथेनॉलवरची बस देशात आधी इथे धावली, 2017 मध्ये विजेच्या टॅक्स्यांचा ताफा आधी इथे उतरला. फिती कापल्या गेल्या. बस काही वर्षांत बंद झाली, टॅक्सीवाले चार्जिंगच्या रांगेत कंटाळले. म्हणजे पुन्हा रांगच. गाडी आणणे सोपे, तिच्या मागचे सगळे आणणे अवघड.

रांगेचे सगळे पाप सरकारचे नाही, हेही कबूल करू. जकात नाक्यावरची रांग आपण पाहिली आहे. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. 2017 मध्ये जीएसटी आला, 2021 पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. 2018 मध्ये दहाचाकीची वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 झाली, म्हणजे त्याच खेपेत जास्त माल. महामार्गावरचा वेळ वाचला. तो सगळा वाचलेला वेळ आपण शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये उधळतो.

आणि परतीची रिकामी फेरी? संत्र्याच्या हंगामात दिल्लीकडे भरून जायचे आणि येताना दोन दिवस थांबून शेवटी रिकामे यायचे. रिकामी गाडी भरलेल्या गाडीच्या निम्म्याहून जास्त डिझेल खाते. शेजारच्या ट्रान्सपोर्टकडे परतीचा माल पडून असतो, पण त्याची बिल्टी आपल्या गाडीवर कशी चढवायची? वडिलांच्या वेळचे भांडण आहे ना! या भांडणाचा पुतळा, म्हणजे बडग्या करून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर नेऊन जाळावा, असा ठराव मी मांडला असता, पण सचिव नको म्हणाले.

ठराव एकच मांडतो. मोठ्या गाडीला गोदामाची वेळ आधी ठरवून मिळावी, आणि त्या वेळेआधी तिने ओळीत शिरू नये. तोवर तिने कळमन्याच्या बाजूला थांबावे. तिथे सावली, पाणी, संडास आणि खाट असलेले शेड आपण वर्गणीतून उभारावे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, चांगलेच आहे. पण उभ्या गाडीचा एसी इंजिनावरच चालतो. 45 अंशांत इंजिन बंद कर म्हणायचा अधिकार सावली देणाऱ्यालाच आहे.

गोदामाची वेळ रात्रीची किंवा पहाटेची ठरली, तर सगळ्यात जास्त फरक हमाल बंधूंना पडणार. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांना जे मिळाले ते कुणाच्या डिझेलसाठी कमी होता कामा नये. रात्रीचा दर वेगळा असेल, घरी परतायची सोय लागेल. हे आपण इथे बसून ठरवणे बरोबर नाही. म्हणून ठरावात हमाल बंधूंशी बोलण्याची तारीख मोकळी ठेवली आहे. मागच्या खुर्च्यांवरून ती आत्ताच सांगितली तरी चालेल. आम्ही तिकडे येऊ.