खोक्यावरचा एक शब्द

मुलुंडला माझं औषधांचं दुकान आहे. २०२१च्या मे महिन्यात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि भांडुप-घाटकोपरहून लोक एकच चिठ्ठी घेऊन येऊ लागले : 'लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी'. तेव्हा त्याचा साठा सरकारी नियंत्रणात होता. मग लोक म्हणायचे, "अहो, साधं असेल तर ते द्या. नाव तर तेच आहे ना?"

नाव तेच, औषधही तेच; फरक असतो वेष्टनाचा. त्या फरकाविषयी आज बोलू या.

लायपोसोम म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास हजाराव्या भागाएवढा चरबीचा फुगा. फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळलं की दुहेरी भिंतीचे असे गोल कण आपोआप तयार होतात, हे इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. साधं ॲम्फोटेरिसिन बुरशी मारतं, पण मूत्रपिंडालाही इजा करतं. तेच चरबीच्या भिंतीत बसवलं की मूत्रपिंडाला होणारा त्रास बराच कमी होतो. आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीच्या प्रा. बच्छावत यांच्यासोबत असं देशी औषध विकसित केलं आणि रुग्णांवर तपासलं. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिनही असंच गुंडाळून देतात. २०१२ साली अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला, तेव्हा त्या वेळी अंधेरीत कार्यालय असलेल्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' तिथं मागवलं गेलं. वेष्टनामुळे हृदयावरचा दुष्परिणाम कमी होतो, मात्र तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास होऊ शकतो. पूर्ण निर्धोक असं काही नसतं.

या फुग्यांना धन विद्युतभार दिला तर? पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे असे कण त्याला चटकन चिकटतात. डीएनए आणि आरएनएही ऋणभारित. म्हणून ते पेशीत पोचवायला हे वाहन उत्तम. फिलिप फेल्गनर यांनी १९८७ साली हे दाखवून दिलं. पण हा चिकटपणाच अंगाशी येतो. रक्तात सोडले की हे कण प्रथिनांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात, फुप्फुसात अडकतात, दाह निर्माण करतात. प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेलं वाहन शिरेतून देताना म्हणूनच अडखळलं.

यावर तोड निघाली. रक्तात उदासीन राहणारी, पण पेशीच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यात गेल्यावर धनभारित होणारी चरबी शास्त्रज्ञांनी घडवली. फायझर आणि मॉडर्नाच्या करोना लशींत तीच आहे. पुण्याच्या जेनोव्हाने दुसरी वाट धरली. २०२२ साली आपत्कालीन मंजुरी मिळालेल्या त्यांच्या लशीत आरएनए धनभारित तेलकणांवर बसवलेला होता. पण लस शिरेतून देत नाहीत आणि तिची मात्राही अगदी थोडी असते. म्हणजे वाहन सुरक्षित आहे का, हा प्रश्न अर्धाच झाला. किती आणि कोणत्या वाटेनं, हेही विचारायला हवं.

आता पुन्हा त्या चिठ्ठीकडे वळू. काळ्या बुरशीवर लायपोसोमल प्रकार वजनाच्या दर किलोमागे रोज किमान ५ मिलीग्रॅम देतात. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलीग्रॅम, म्हणजे ५०च्या सहा कुप्या झाल्या. साध्या प्रकाराची मात्रा किलोमागे १ मिलीग्रॅमच्या आसपास. दीडच्या वर जायचं नसतं. लायपोसोमलच्या हिशेबानं साध्याच्या सहा कुप्या दिल्या, तर हृदय बंद पडू शकतं.

म्हणून, श्रोतेहो, आप्तासाठी धावपळ करताना दोन गोष्टी पाळा. खोक्यावर 'लायपोसोमल' हा शब्द आहे की नाही, ते स्वतः वाचा. आणि प्रकार बदलावा लागलाच, तर डॉक्टरांकडून मात्रा नव्यानं लिहून घ्या. जुन्या चिठ्ठीवर दुसरा प्रकार कुणाकडूनही घेऊ नका, माझ्याकडूनही नाही.