देवराई : वृक्षांत साठलेले मुद्दल



सह्याद्रीच्या उतारावर ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या वनास देवराई म्हणतात. तेथे कुऱ्हाड चालत नाही. अनेक गावांत वाळून पडलेले लाकूडही कोणी घरी नेत नाही; देवाचा कौल मिळाला तरच ते देवळाच्या कामी येते. प्रा. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या रायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हापासून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले गेले.

वृक्ष हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातील कार्बन आपल्या खोडात साठवतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनच असतो, आणि १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. एखाद्या जुन्या बेहड्याचे कोरडे लाकूड १० टन धरले, तर त्याने १८ टनांहून अधिक वायू बांधून ठेवला आहे. पानांच्या कुजीतून जमिनीत मुरलेला कार्बन निराळाच.

व्यापाराच्या भाषेत हे मुद्दल होय. वृक्षारोपण ही दरसालची आवक. ती स्वागतार्हच, परंतु एका दिवसात तोडलेले मुद्दल रोपांच्या आवकेतून भरून येण्यास कित्येक दशके लागतात. शिवाय म्हातारे झाड वाढत नाही, हा समजही खरा नव्हे. ४०३ जातींच्या वृक्षांचा अभ्यास २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यात बहुतेक जातींमध्ये झाड जितके थोर, तितकी त्याची वार्षिक भर अधिक आढळली.

श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत अंगारकर्म व वनकर्म, म्हणजे कोळशाच्या भट्ट्या लावणे आणि वन तोडणे, यांची गणना आहे. शास्त्रकारांपुढे तेव्हा कार्बनचा हिशेब नव्हता, जीवदया होती. निष्कर्ष मात्र एकच निघाला.

आज देवरायांवरील एक मोठे संकट श्रद्धेतूनच येते. शहरात स्थिरावलेले गावकरी जीर्णोद्धारासाठी पैसा पाठवतात. जुन्या कौलारू देवळाच्या जागी काँक्रीटचे प्रशस्त मंदिर, सभामंडप, वाहनांसाठी मोकळी जागा हवी होते. त्यासाठी राईतील झाडे पाडली जातात, क्वचित खर्चाच्या तोंडमिळवणीसाठी विकलीही जातात. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते, तिच्यातूनही तोच वायू बाहेर पडतो. तोटा दुहेरी!

अशा कार्यास हातभार लावणारे दाते आपल्या समाजातही आहेत. त्यांनी देणगी देतानाच अट घालावी, की बांधकाम जुन्याच जोत्यावर होईल आणि राईतील एकही वृक्ष पडणार नाही. पावतीच्या मागे दोन ओळी लिहून घेतल्या तरी पुरे.