लॅपटॉप मुका झाला म्हणजे मोडला नाही

वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा. हात पिठात असतील तर नुसतं ऐका, महत्त्वाचं मी दोनदा सांगेन.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. तेव्हापासून घरातला, बचत गटातला जुना लॅपटॉप विंडोज ११ वर न्यायची लगबग सुरू आहे. आणि पाठोपाठ तक्रारी येतात. 'अपडेट केलं आणि आवाजच गेला.' 'वायफाय दिसतच नाही.' 'बोट फिरवलं तरी बाण हलत नाही.' घाबरून आपण दुकान गाठतो. तिथे कुणी म्हणालं, 'बोर्ड गेलाय ताई, नवीनच घ्या,' की गटाच्या बचतीला नाहीतर मुलीच्या फीच्या पैशाला हात लागतो. म्हणून आजची एकच गोष्ट पक्की करू: काल चालणारी वस्तू अपडेटनंतर लगेच बंद पडली, तर पहिला संशय यंत्रावर नको, ड्रायव्हरवर घ्यायचा.

ड्रायव्हर म्हटलं की आपल्याला एसटीचा ड्रायव्हर आठवतो. लॅपटॉपमधला ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. स्पीकर, कॅमेरा, वायफाय यांची भाषा वेगळी आणि विंडोजची वेगळी. दोघांमध्ये बोलणं करून देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोज बदललं की काही जुन्या दुभाषांना नवी बोली कळत नाही. स्पीकर धडधाकट असतो, पण त्याला 'वाज' म्हणून सांगणारं कुणी उरत नाही.

आता अपडेटच्या आधीची तयारी. लिहून घ्या.

एक, हिशेबाच्या फाइली, फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून ठेवा. दोन, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल टिपून ठेवा. ते पाठीमागच्या स्टिकरवर असतं. स्टिकर पुसलं असेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, तिथे 'सिस्टिम मॉडेल' अशी ओळ दिसेल. नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात. तीन, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर 'सपोर्ट' विभागात ते मॉडेल घाला आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. वायफायचाच का? कारण तोच गेला, तर बाकीचे उतरवायला इंटरनेट आणणार कुठून? विहीर आटायच्या आधी हंडा भरून ठेवण्यासारखं आहे हे.

आणि मुहूर्त नीट निवडा. मार्चअखेरीचे हिशेब, फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर असताना हे काम काढू नका. मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत प्रोग्रॅमने तुमचा लॅपटॉप विंडोज ११ ला चालणार नाही असं सांगितलं, तर आडवाटेने बळंच टाकू नका. ड्रायव्हरची खरी डोकेदुखी तिथेच वाढते.

समजा अपडेट झालं आणि काहीतरी बंद पडलं. आधी साध्या गोष्टी बघा. आवाज बंद केलेला नाही ना? एअरप्लेन मोड चालू नाही ना? कॅमेऱ्यावरची छोटी पट्टी सरकलेली नाही ना? मग लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा.

तरी जमलं नाही तर सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'ऑप्शनल अपडेट्स'. तिथे 'ड्रायव्हर अपडेट्स' दिसले, तर बंद पडलेल्या वस्तूचा ड्रायव्हर निवडून टाका. इंटरनेटच नसेल तर मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तेवढ्याने काम होतं. वायर मात्र डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची नको.

यानेही भागलं नाही तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडायचा. विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून धरा, एक्स दाबा, सोडा, मग एम दाबा. माउस चालत नसला तरी हे जमतं. समोर सगळ्या भागांची यादी येईल. ज्याच्यापुढे पिवळं उद्गारचिन्ह, त्याचा दुभाषा हरवलाय किंवा बिनसलाय. कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या. बरेच टाकायचे असतील तर आधी 'चिपसेट'चा टाका, रीस्टार्ट करा, मग स्क्रीन, आवाज, वायफाय असे एकेक घ्या. नवा ड्रायव्हर आल्यामुळेच बिघडलं असेल, तर त्या भागाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. त्याने आधीचा परत येतो.

आणि काहीच जुळलं नाही तर? अपडेटनंतर साधारण १० दिवस जुन्या विंडोजवर परतायची सोय असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. पुन्हा सांगते, १० दिवस. म्हणून अपडेट झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच आवाज, कॅमेरा, वायफाय, प्रिंटर सगळं वापरून बघा. आणि जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइली पुसू नका, परतीची वाट त्यांच्यातूनच आहे.

आता सावधगिरी. 'तुमचे तीस ड्रायव्हर जुने झालेत, इथे दाबा' अशी खिडकी उघडली तर दाबू नका. ड्रायव्हर विंडोजकडून नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यायचा आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोनवरचा अनोळखी माणूस 'स्क्रीन माझ्या हातात द्या' म्हणाला तर द्यायची नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

दुकानात जायची वेळ आलीच तर दबून जाऊ नका. विचारा, 'भाऊ, डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसतंय? या मॉडेलचा ड्रायव्हर टाकून पाहिलात का?' अपडेटच्या आधीपासूनच आवाज खरखरत होता, वायफाय तुटत होतं, तर भाग खराब असू शकतो, दुरुस्ती करून घ्या. पण अपडेटच्या आदल्या दिवशीपर्यंत सगळं ठणठणीत होतं, तर ड्रायव्हर तपासल्याशिवाय खर्चाला 'हो' म्हणायचं नाही.

आज एवढंच करा. लॅपटॉप उलटा करून मॉडेल वहीत लिहा आणि गटातल्या एका मैत्रिणीलाही ते लिहायला सांगा.